पान पाह्यलीस का?

रघोत्तम राव कुणाच्याही कीबोर्डला हात लावत नसत. तुम्ही मदतीला बोलावलंत की ते येत, खुर्चीमागे उभे राहत, दोन्ही हात पाठीमागे नेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरत आणि मान किंचित पुढे काढून स्क्रीनकडे बघत. स्वतःचा हात चुकून पुढे जाईल म्हणून तो अटक करून ठेवल्यासारखा. मग पहिला प्रश्न ठरलेला.

"पान पाह्यलीस का, मा?"

हा प्रश्न मला त्यांनी पहिल्यांदा विचारला तेव्हा मला चेन्नईत येऊन नऊ दिवस झाले होते. गिंडीतल्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारं कुणी असेल अशी मला कल्पनाही नव्हती. नाशिकहून निघताना आईनं मेतकूट दिलं होतं, लिंबाचं लोणचं दिलं होतं. मराठी बोलायला माणूस काही देता आला नव्हता. आणि इथे कपाळाला गंधाची बारीक टिकली लावलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ मागे उभे राहून मला पान खाण्याविषयी विचारत होते.

"नाही हो," मी म्हटलं, "मी पान खात नाही."

ते गंभीर झाले. "खाण्याचें नव्हे. वाचण्याचें."

तर 'पान' म्हणजे संगणकाच्या आत असलेलं पुस्तकाचं पान. आमचं सगळं काम लिनक्सवर चालतं. ती कुणा एकाच्या मालकीची नसलेली, हजारो लोकांनी मिळून लिहिलेली व्यवस्था. तिचं वैशिष्ट्य असं की तिची सगळी माहिती तिच्याच पोटात असते. काळ्या खिडकीत 'मॅन' असा शब्द टाइप करायचा, म्हणजे मॅन्युअलमधला मॅन, आणि पुढे जे हवं त्याचं नाव. लगेच त्याचं पान समोर येतं: हे काय आहे, कसं वापरायचं, काय परत देतं, कुठे फसवतं. हे मला अर्थातच माहीत होतं. कॉलेजात परीक्षेपुरतं माहीत होतं. पण अडलं की इंटरनेटवर विचारायचं आणि पहिलं दिसेल ते उत्तर उचलून चिकटवायचं, हीच आमची रीत. अलीकडे तर तेवढेही कष्ट नकोत; विचारलं की यंत्रच लिहून देतं.

राव सारांना हे मुळीच खपत नसे. (सर नाही, सार. चेन्नईत सगळे 'सार'च म्हणतात, आणि दोन महिन्यांत मीही म्हणायला लागले.) "घरांत आहे तें आधीं पाहावें," ते म्हणायचे. "नाहीं मिळालें तर बाहेर जावें. तूं आधीं बाहेर जातेस, आणि कोणीं तरी अमेरिकेंत सहा वर्षांखालीं लिहिलेलें आणतेस. त्याचें मशीन वेगळें, तुझें मशीन वेगळें. तुझ्या मशीनास काय येतें तें तुझें मशीन सांगतें. विचार त्याला!"

मी विचारलं. एका फंक्शनचं, म्हणजे एक ठरावीक काम करून देणाऱ्या तयार तुकड्याचं, नाव टाइप केलं, तर भलतंच काहीतरी उघडलं. मी विजयी मुद्रेनं मागे वळले. "बघा! चुकीचं दाखवतंय."

राव सारांचे हात पाठीमागेच. "तो तिचा भाऊ. नांव एक, घर वेगळें. तुला तिसऱ्या भागांतली पाहिजे. मधें तीन घाल."

मधे तीन घातला. बरोबर पान आलं.

"आणि नावच माहीत नसेल तर?" मी अडवायचं म्हणून विचारलं.

"काम माहीत आहे की नाहीं? काम सांग. वजा के घालून काम सांग, नांव तो सांगेल." मग जरा थांबून, "आमच्या घरीं लग्नांत असेंच. नांव कोणास आठवतें? जो लाडू वळतो तो, जो भांडतो तो, असें सांगटलें की सगळ्यांस कळतें."

त्यांच्या मराठीनं मी त्या दिवशी चकित झाले होते. ते तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी दक्षिणेत गेले आणि मराठी बरोबर घेऊन गेले. नंतर मराठी इकडे बदलत राहिली आणि त्यांची तिकडे तशीच राहिली. मधून मधून तिला तमिळचा हेल लागला, आणि मुलीला लाडानं 'मा', 'ठीक'ला 'सरी' असे शब्द चिकटले, इतकंच. 'सांगितलं'ला ते 'सांगटलें' म्हणायचे, 'पूर्वी'ला 'खालीं'. 'कोठें', 'आतांशा', 'बैस' हे शब्द मी पणजोबांच्या पत्रांत वाचले होते. ते कुणी लिफ्टची वाट बघत उभं राहून बोलेल असं वाटलं नव्हतं.

लिफ्टवरून आठवलं. लिफ्टमध्ये 'आठ व्यक्ती' अशी पाटी होती. राव सार आत शिरले की आधी मोजत. नऊ भरले तर स्वतः बाहेर पडत, मग त्यांना कितीही घाई असो. "लिहिलें आहे," एवढंच म्हणत. लिहिलेलं सगळं ते वाचत. गोळ्यांच्या पाकिटातला घडीचा कागद, कुकरची पुस्तिका, कँटीनमधल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रावरच्या सूचना. त्या यंत्राची जाळी सहा महिन्यांनी धुवायची असते हे आमच्या अख्ख्या इमारतीत फक्त त्यांना माहीत होतं. ते दर सहा महिन्यांनी कँटीनवाल्याला आठवण करत आणि तो दर सहा महिन्यांनी कपाळाला हात लावत असे.

नवीन कुणी ऑफिसात आलं, त्याला नवा लॅपटॉप मिळाला, की त्या दिवशी राव सार हजर. इंग्रजीत एकच प्रश्न: पुस्तकं घातलीत का? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणारी पानं मशीनवर आपोआप येत नाहीत, ती वेगळी मागवून घालावी लागतात. कुणीच घालत नाही. राव सार समोर उभं राहून एकेकाकडून घालून घेत. आमच्या एका मित्रानं विचारलं, "सार, ही काय गरज आहे? कोण वाचतं?" त्यावर ते इंग्रजीत काहीतरी सभ्य बोलले आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पान मांडल्याविणें वाढणार कोठें?"

पानाच्या तळाशी दोषांचा भाग असतो. लिहिणारा स्वतःच तिथे सांगतो, की यात अमुक उणीव आहे, तमुक परिस्थितीत हे चुकतं. राव सार तो भाग हलक्या आवाजात, पोथी वाचावी तसे वाचत. "पाह्यलीस? आपला दोष आपण लिहिला आहे. ज्यानें हें लिहिलें त्याच्या वरच्या सगळ्या ओळींवर विश्वास ठेव." मग इकडेतिकडे बघून, "आमच्या मॅनेजरांच्या पानांत हा भाग नाहीं."

रोज साडेअकराच्या सुमाराला ते येत. माझं काही अडलेलं असो वा नसो. नसलंच तर विचारत, "आज काय शिजवलीस?" मी सांगे, मुगाची खिचडी. "त्यांत काय घातलीस?" मी सांगे. "सरी, सरी," म्हणत आणि जात. पाच मिनिटं. मला वाटायचं, म्हातारे गृहस्थ आहेत, काम कमी असेल, पाय मोकळे करायला येत असतील.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना आजही बरं वाटत नाही.

पुण्याच्या ऑफिसातून तिघं जण आठवडाभरासाठी आले होते. माझ्याच वयाचे, हुशार, सतत हसणारे. मला तर माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं होतं. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही कँटीनमध्ये जेवत होतो आणि राव सार एक स्टीलचा डबा घेऊन आमच्या टेबलाशी आले. एरवी ते कँटीनमध्ये कधी बसत नसत. त्या दिवशी बसले. डबा उघडला.

"डांगर पच्चडी," ते म्हणाले. "उडदाचें पीठ भाजून दह्यांत कालवलें आहे. आमच्यांत करतात. तुम्हीं महाराष्ट्रांतले आलांत म्हणून मी सकाळीं उठून केलों. घेऊन पाहा. मीठ कमी असेल, मी आधींच सांगटलों."

पुण्याच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सांगटलों!" एक जण पुटपुटला. दुसरा खाली मान घालून हसू दाबायला लागला. राव सारांनी ते पाहिलं की नाही कळलं नाही, कारण ते वाढण्यात गुंतले होते. मग तिसऱ्यानं मला विचारलं, "हे कुठल्या गावचं मराठी गं?"

मी काहीही बोलले असते तरी चाललं असतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्यातली व्हायचं होतं.

"राव सार," मी म्हटलं, "तुमच्या मराठीचं पान कुठे मिळेल हो? आम्हाला वाचावं लागेल."

हशा पिकला. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं, ते मला अजून ऐकू येतं. राव सारही हसले. चमचा डब्यात ठेवला, झाकण लावलं, झाकण नीट बसलं की नाही हे बोट फिरवून बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, "तुमचं चालू द्या. मला एक मीटिंग आहे."

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजले, बारा वाजले. ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, "राव सार, बरे आहात ना?" त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, की मी ठीक आहे, धन्यवाद, आणि तू कशी आहेस. पुढचे तीन आठवडे ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले. तेही अतिशय शुद्ध, अतिशय नम्र इंग्रजीत. मला रागाची एक रेघ दाखवली असती तर माफी मागायला जागा झाली असती. त्यांनी ती ठेवली नाही.

मग श्रीपेरुंबुदूरचं प्रकरण झालं.

तिथल्या एका कारखान्यात मोटारींना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बनतात. ते खोक्यांत भरतात आणि प्रत्येक खोक्यावर एक लेबल लागतं. ते लेबल छापणारा प्रोग्रॅम आमच्या कंपनीचा, आणि आमच्या कंपनीत तो लिहिलेला मी. माझं पहिलं स्वतंत्र काम. सहा आठवडे सुरळीत चालला. मग एका सोमवारी फोन आला, की लेबलावर मालाच्या कोडनंतर कचरा छापला जातोय. प्रश्नचिन्हं, चौकोन, काहीही. ती खोकी मोटारवाले घेत नाहीत. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आत दुरुस्त झालं नाही तर लाइन थांबवावी लागेल.

मॅनेजरनी मला आत बोलावलं. मी तेव्हा प्रोबेशनवर होते. महिनाअखेरीला मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, फक्त माझी फाइल टेबलावर होती ती जरा सरळ केली. "तिथलं मशीन जुनं आहे," ते म्हणाले. "राव सारांना बरोबर ने. जुन्या मशीनचं अख्ख्या कंपनीत तेच जाणतात."

गाडीत दीड तास आम्ही दोघं मागच्या सीटवर दोन टोकांना बसलो होतो. राव सार एकदाच बोलले. "तुझं ओळखपत्र आणलं आहेस ना?" इंग्रजीत.

गेटवर आमचे फोन काढून घेतले. लॅपटॉपही. आत नेता येत नाही, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. राव सारांनी तो पूर्ण वाचला आणि समाधानानं मान डोलावली. आतल्या मशीनला इंटरनेट नव्हतं. म्हणजे मी, तो प्रोग्रॅम, आणि मला जे काही पाठ होतं तेवढंच. मला पाठ काही नव्हतं.

लाइनच्या कडेला काचेची एक छोटी खोली होती. तिथल्या पाळीच्या सुपरवायझर सेल्वी यांनी आम्हाला मशीन दाखवलं. पस्तिशीच्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, पायात कारखान्याचे जाडजूड बूट. बाहेर खोक्यांची रांग लागलेली होती. सेल्वींनी एक लेबल माझ्या हातात दिलं आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. मला 'मॅडम' एवढंच कळलं, पण चेहऱ्यावरून उरलेलं कळलं.

मी बसले. राव सार मागे उभे राहिले, हात पाठीमागे. मी प्रोग्रॅम उघडला. अर्धा तास ओळी वर-खाली केल्या.

"या ओळीत काय होतं?" राव सारांनी इंग्रजीत विचारलं.

"कोड कॉपी होतो. इकडून तिकडे."

"कसा होतो?"

"म्हणजे... कॉपी होतो."

ही ओळ मी लिहिलेली नव्हती. कुठून तरी उचलून चिकटवली होती आणि ती चालली होती, म्हणून पुढे गेले होते.

"पान पाहिलंस?" तेही इंग्रजीत. त्या तीन आठवड्यांत मला सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते हे.

मी मॅन टाइप केलं, मधे तीन घातला, फंक्शनचं नाव घातलं. उत्तर आलं, की असं पान नाही. वजा के घालून काम सांगितलं. उत्तर आलं, की योग्य असं काही सापडलं नाही.

मागून काही हालचाल जाणवली. राव सारांनी हात सोडले होते. माझ्या खांद्यावरून पुढे वाकून ते स्वतः टाइप करत होते. एक नाव, दुसरं नाव, तिसरं. पान नाही. पान नाही. पान नाही. ज्या कुणी हे मशीन लावलं होतं त्यानं प्रोग्रॅमरची पुस्तकं घातलीच नव्हती.

"अय्यो," राव सार म्हणाले. "पानच नाहीं गे, मा! कोणीं घातलेंच नाहीं!"

मराठीत. आपण मराठीत बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. चेहरा असा झाला होता, जणू दिवाणखान्यात पाऊल टाकावं आणि घरात कुणी राहतच नाही असं दिसावं. त्यांचा आयुष्यभराचा हिशेब साधा होता: यंत्राला विचारा, यंत्र सांगेल. आणि हे यंत्र मुकं निघालं होतं.

मग सेल्वींकडे वळून त्यांनी तमिळमध्ये एक लांब प्रश्न विचारला. सेल्वी विचारात पडल्या. मग त्यांनी भिंतीजवळचं लोखंडी कपाट उघडलं. आतून जुन्या फायली निघाल्या, मलमपट्टीची पेटी निघाली, आयुधपूजेचं उरलेलं कुंकू निघालं आणि सगळ्याच्या तळाशी कागदी पाकिटात एक डिस्क निघाली. मशीन बसवलं तेव्हाची. त्यावर निळ्या पेननं नुसतं 'लिनक्स' लिहिलेलं.

"ह्यांत असेल," राव सार म्हणाले. "ह्यांत सगळें असतें. कोणी काढून पाहत नाहीं इतकेंच."

डिस्क यंत्रात घातली. ती बराच वेळ नुसतीच गरगरत राहिली. पासवर्ड सेल्वींच्या वहीत होता. राव सार सांगत गेले आणि मी टाइप करत गेले, अमुक फोल्डरमध्ये जा, आता एमचं अक्षर, त्यात मॅनपेजेस, त्यात शेवटी डेव, म्हणजे डेव्हलपरचं, असेल ते. होतं. घातलं. मी पुन्हा मॅन, तीन आणि फंक्शनचं नाव टाइप केलं.

पान आलं.

"मोठ्यानें वाच," राव सार म्हणाले. "डोळ्यांनीं वाचलीस तर ओळी गिळशील."

मी मोठ्यानं वाचायला लागले. बाहेर लाइनची घरघर, आत मी परीक्षेला उभी केल्यासारखी इंग्रजी पान वाचतेय आणि ओळीओळीला राव सार मराठीत विचारताहेत, "म्हणजे काय? सांग. सोपें करून सांग." सेल्वी दाराशी उभ्या राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

तिसऱ्या परिच्छेदात मी थांबले.

"पुन्हां वाच," राव सार म्हणाले. ते माझ्याआधी तिथे पोचले होते, पण सांगत नव्हते.

मी पुन्हा वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की दिलेली जागा जर मजकुरानं काठोकाठ भरली, तर हे फंक्शन शेवटची खूण ठेवत नाही. आणि शेवटची खूण नसेल तर वाचणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. तो पुढे जे काही पडलं असेल तेही वाचत सुटतो. मी बारा अक्षरांची जागा ठेवली होती. सहा आठवडे सगळे कोड अकरा अक्षरांचे होते. त्या सोमवारी नवा माल आला, त्याचा कोड बारा अक्षरांचा.

"एक घर जास्त पाहिजे होतं," मी म्हणाले. "एक घर, आणि त्यात खूण."

"सरी," राव सार म्हणाले, आणि हात पुन्हा पाठीमागे नेले.

दोन ओळी बदलल्या. लेबल छापलं. कोड आला आणि कोडनंतर पांढरा कागद. सेल्वींनी ते लेबल उजेडात धरून बघितलं, मग दार उघडून बाहेरच्या बायकांना हाक मारली आणि खोकी हलायला लागली. दुपारची पाळी यायला वीस मिनिटं होती.

निघताना सेल्वींनी राव सारांना काहीतरी विचारलं. त्यांनी दोनच शब्दांत उत्तर दिलं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, की त्या काय म्हणाल्या?

"तुम्हीं दोघें कोठली भाषा बोलतां, असें विचारली."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"आमच्या घरची, असें सांगटलों."

'आमच्या'मध्ये त्यांनी मलाही घेतलं होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग मीच म्हणाले, "राव सार, त्या दिवशी कँटीनमध्ये मी फार वाईट बोलले."

"होय," ते म्हणाले. "वाईट बोललीस."

नाही नाही, तसं काही नाही, असं काहीतरी ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. ते तसं म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, "आतां रिपोर्ट लिहिशील, त्यांत चूक कोणाची तें लिही. मी सांगणार नाहीं. तूं लिही."

मी लिहिलं. ओळ समजून न घेता चिकटवली होती, पान वाचलं नव्हतं, असं शब्दशः लिहिलं. मॅनेजरनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि फाइल कपाटात ठेवून दिली. महिनाअखेरीला मी कायम झाले. साडेअकराच्या फेऱ्याही पुन्हा सुरू झाल्या.

डिसेंबरात राव सार निवृत्त झाले. निरोपाचा केक झाला, शाल झाली. त्यांचं सामान खाली आणायला मी त्यांच्या जागेवर गेले, आणि जागा शोधता शोधता चक्रावले. मी समजत होते ते आमच्याच मजल्यावर पलीकडच्या बाजूला बसतात. ते पाचव्या मजल्यावर बसत. वेगळा विभाग, वेगळे साहेब, आमच्या कामाशी काडीचा संबंध नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, की रोज साडेअकराला सार म्हणायचे, खाली एक तातडीचं काम आहे. आणि जिन्यानं जायचे. त्या वेळी लिफ्ट भरलेली असते.

जानेवारीत, पोंगलनंतरच्या रविवारी, मी त्यांच्या घरी गेले. पश्चिम मांबलममध्ये, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दारात तांदळाच्या पिठाचा बारीक कोलम काढलेला, रांगोळीसारखा, थोडा वाकडा. तो त्यांनीच काढलेला होता. त्यांनी कॉफी (त्यांची 'कापी') केली, स्टीलच्या पेल्यात ओतून फेस आणला आणि माझ्यासमोर ठेवली. भिंतीवर एका बाईंचा फोटो होता. राव सारांचंच नाक, त्यांच्याच भुवया.

"अक्का," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण. तिचें लग्न जमलें नाहीं, मग मी करून घेतलों नाहीं. आम्हीं दोघेंच. तूं येण्याच्या वर्षाखालीं गेली."

मी फोटोतल्या त्या भुवयांकडे पुन्हा पाहिलं.

"तिच्याशींच मराठी," ते म्हणाले. "दूधवाल्याशीं तमिळ, आफिसांत इंग्रजी. नातलग पुष्कळ आहेत, त्यांचीं पोरें तमिळच बोलतात, त्यांचें चुकलें नाहीं. ती गेली, मग वर्षभर कोणाशीं एक शब्द नाहीं. एके दिवशीं स्वयंपाकघरांत पायावर पातेलें पडलें. 'आई गे!' असें मी ओरडलों. आणि काय सांगूं, मा, कोण बोललें म्हणून मी मागें वळून पाह्यलों."

ते हसले. मी हसू शकले नाही.

"मग एके दिवशीं दुसऱ्या मजल्यावर जिन्यांत तूं फोनवर आईशीं भांडत होतीस. मेतकूट आठवड्यांत संपलें म्हणून. मी तेथेंच उभा राहिलों. पूर्ण भांडण ऐकलों. माफ कर."

रस्त्यावरून फुलवाला ओरडत गेला. राव सारांनी कापीचा रिकामा पेला बाजूला ठेवला आणि खुर्चीत मागे टेकले.

"काहीं तरी बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहींही. आज काय केलीस तें सांग."

सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. सकाळी टी. नगरला आईसाठी साडी घ्यायला गेले होते, गर्दीत कुणाचा तरी पाय पडून माझी एक चप्पल निघाली, तेवढंच. मी तेच सांगायला लागले. दुकानाच्या पायऱ्या सांगितल्या, साड्यांचे ढीग सांगितले, एका पायावर लंगडत मी कशी उभी होते ते सांगितलं. राव सारांनी डोळे मिटले होते. ओठ जरासे हलत होते, मी बोललेला एखादा शब्द ते स्वतःशी पुन्हा म्हणून बघत असावेत. मी थांबले.

"मग?" डोळे न उघडता ते म्हणाले.

खरं म्हणजे चप्पल तिथेच, दोन पावलांवर, लगेच सापडली होती. पण त्या दिवशी, अंधार पडेपर्यंत, मी ती सापडू दिली नाही.